करडी ओळ

दिनमान कधी चुकत नसे, आणि त्याच्याविषयी कुणाला वाईट बोलायचं असेल तर एवढंच बोलता येई.

कोल्हापुरातल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत दिनमान येऊन दोनेक वर्षं झाली होती. हाती घेतलेलं काम कधी संपेल, हे सांगणारी ती प्रणाली. पूर्वी हा प्रश्न माणसांना विचारत आणि माणसं बेधडक खोटं बोलत. ‘झालंच आहे, थोडं टेस्टिंग राहिलंय’ या एका वाक्यावर या धंद्यातल्या लोकांनी महिनेच्या महिने काढलेले आहेत. दिनमान कुणाला काही विचारत नसे. ते बघत बसे. कोण किती वेगानं टाइप करतो, लिहिलेलं किती वेळा खोडतो, मीटिंगमध्ये उत्तर देण्याआधी किती थांबतो, मनगटावरच्या पट्ट्यातून येणारी नाडी कशी चालते, झोप किती तुटक होते. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला काही अर्थ नाही. पण लाखो माणसांच्या अशा नोंदी एकत्र केल्या की त्यांत त्याच त्याच आकृत्या पुन्हा दिसायला लागतात, आणि कुठल्या आकृतीनंतर काय होतं हे यंत्राला कळतं. मुलगा दारात चपला काढतो त्या आवाजावरून आईला त्याचा पेपर कसा गेला ते समजतं, तसंच हे. फक्त या आईला मुलाची माया नव्हती.

पडद्यावर प्रत्येक माणसाची एक आडवी ओळ असे. माणूस कामावर असेल तोवर ती हिरवी. ज्या दिवसापासून त्याचे हात मिळणार नाहीत असं दिनमानला वाटे, तिथून ती करडी होई. का मिळणार नाहीत, ते दिसत नसे. पहिल्या आवृत्तीत दिसायचं: गर्भारपण, नैराश्य, दुसरीकडे नोकरी. त्यावर लोक कोर्टात गेले आणि कायदा झाला, की कर्मचाऱ्याच्या शरीरात नि मनात डोकावून काढलेला निष्कर्ष मालकाला सांगायचा नाही. कायदा चांगलाच होता. यंत्र बनवणाऱ्यांनी तो अगदी काटेकोर पाळला. त्यांनी कारण काढून टाकलं आणि तारीख ठेवली.

मग कारण ज्याचं त्यानं भरायचं. मृण्मयी चांदेकर ही तिथली प्रकल्पप्रमुख, आणि तिला ते भरायची चांगली सवय झाली होती. ओळ करडी झाली की माणूस राजीनामा देणार. आजवर ज्यांच्या ज्यांच्या ओळी करड्या झाल्या, त्यांनी महिन्याभरात राजीनामे टाकले होते. एक पराग तेवढा राजीनामा द्यायच्या आधीच गाडीच्या अपघातात गेला. तोही सोडून जाणारच होता, असं सगळे हळहळत म्हणाले.

पाडवा होऊन आठवडा झाला असेल, एका सकाळी मृण्मयीनं दिनमान उघडलं तर जयवंत ठोंबरेची ओळ करडी झालेली.

तिचा आधी विश्वास बसेना. जयवंत कंपनीतला सर्वांत जुना माणूस, पन्नाशीचा. ती कॉलेजातून नुकती बाहेर पडून इथं आली तेव्हा त्यानंच तिला शेजारी बसवून कामाला लावलं होतं. पुढं ती वर चढली आणि तो खुशीनं आपल्या जागी राहिला. ती त्याला दादा म्हणे, तो तिला चिडवायचं असलं की मॅडम म्हणे, एरवी नावानं हाक मारे. आता कोड बहुतेक यंत्रंच लिहीत, पण त्यांना नेमकं काय सांगायचं आणि त्यांनी लिहिलेलं कुठं फसेल, हे बघायला जयवंतसारखी माणसं लागत. त्यात चालू काम सह्यकाठ दूध संघाचं. गावोगावच्या केंद्रांवर दूध घातलं की त्याची फॅट मोजणं, दर ठरवणं, टँकर कुठून कसा फिरवायचा ते बघणं, हे सगळं त्या सॉफ्टवेअरनं करायचं. जयवंतच्या वडिलांनी जन्मभर डेअरीला दूध घातलेलं. कुठल्या केंद्राचं मशीन थंडीत फॅट कमी दाखवतं आणि कुठं गाईचं-म्हशीचं एकत्र होतं, हे त्याला तोंडपाठ होतं आणि ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला. जयवंतची हिरवी ओळ त्याच्या चार दिवस आधी संपत होती.

मृण्मयीला वाईट वाटलं, आणि मग संताप आला. पुण्याची एक कंपनी त्याच्या मागे आहे हे तिनं ऐकलं होतं. पण तिनं त्याला विचारलं नाही. या धंद्यात असं विचारत नाहीत. विचारलं की माणूस सावध होतो आणि सावध माणूस काही शिकवत नाही. इथली रीत अशी, की एक शब्द न बोलता त्याची केटी सुरू करायची. केटी म्हणजे जाणाऱ्याच्या डोक्यात जे आहे ते राहणाऱ्यांच्या डोक्यात ओतून घ्यायचं, तो दाराबाहेर पडायच्या आत.

“दादा, उद्यापासून गौतमी आणि इरफान तुमच्या शेजारी बसतील,” ती त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली. “फॅटचं सगळं त्यांना समजावून द्या. रेकॉर्डपण करायचंय.”

“आत्ता? मग काम कधी करू?”

“काम आहेच. हे संध्याकाळी, काम झाल्यावर.”

तो हसला. “मॅडम, मला कुठं पाठवायलायसा काय?”

“ते तुम्हीच सांगा.”

“मी कुठं जातोय? ह्या वयात मला कोण घेणार?”

तिला ते खोटं वाटलं, आणि इतक्या सहज खोटं बोलतोय याचं अधिकच दुःख झालं.

केटी सुरू झाली. जयवंत दिवसभर काम करी आणि संध्याकाळी त्या दोघांना घेऊन बसे. तो मन लावून सांगायचा. एकेका गावाची गोष्ट, एकेका केंद्रावरच्या सेक्रेटरीचा स्वभाव, सगळं. मृण्मयी काचेपलीकडून बघायची आणि मनात म्हणायची, किती गोड बोलतोय, आणि जायचं ठरवून बसलाय. प्रकल्पाची तारीख पडद्यावर हिरवीगार होती. जयवंतची करडी कड मात्र रोज थोडी अलीकडे सरकत होती. तिनं जितकं काम वाढवलं तितकी ती सरकली. त्याला बहुतेक तिकडं लवकर रुजू व्हायचं असेल, असा अर्थ तिनं काढला आणि केटीचे तास आणखी वाढवले.

शेवटी तिला राहवेना. एका रविवारी दुपारी ती त्याच्या घरी, कळंब्याला गेली. जायचं असेल तर जा, पण मला सांगून जा, एवढं म्हणायचं होतं.

दार त्याच्या बायकोनं, शालननं उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. जयवंत हॉलमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं, पाय सुजलेले, चेहऱ्यावर घाम. पंखा वर जोरात फिरत होता.

“या, आत बसू,” शालन म्हणाली आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चहाचं आधण ठेवत म्हणाली, “हल्ली असंच झोपत्यात. आडवं झालं की घाबरं होतंय म्हणे. पित्त आहे म्हणत्यात. कसलं कसलं औषध आणून पित्यात.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“अक्षय्य तृतीया होऊ दे म्हणत्यात. यंदा जोतिबाला पण गेलो नाही. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा चुकलं बघा. पायऱ्या व्हायच्या नाहीत म्हणाले.”

मृण्मयीनं कप हातात घेतला. “वहिनी, खरं सांगा. दादा दुसरीकडं नोकरी बघतायत का?”

शालन तिच्याकडे बघतच राहिली. “नोकरी? अवो, त्यांचं सगळं चित्त तुमच्या त्या दूध संघात आहे. मामंजी असते तर त्यांना दाखवलं असतं, म्हणत्यात. आता फॅट कमी दाखवून तुमचं पैसं कोण मारणार नाही म्हणून.”

चहा तसाच राहिला. मृण्मयीला पराग आठवला. अपघाताआधीचे पंधरा दिवस तो मीटिंगमध्ये बसल्या जागी पेंगायचा, आणि सगळे म्हणायचे, याचं मन उडालंय. त्याची ओळ खरोखर कशानं करडी झाली होती, हे कुणीच स्वतःला विचारलं नव्हतं. बाहेर जयवंतचा श्वास एकदा लांबला, थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती इतकी घाबरली की त्याला न उठवताच निघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिनमानसमोर बसली. त्यात एक सोय होती. अमुक केलं तर काय होईल, हे विचारून बघता येई. जयवंतला उद्यापासून महिनाभर पूर्ण सुट्टी, असं तिनं घातलं. त्याची ओळ सुट्टीनंतर हिरवी झाली आणि वर्षाच्या टोकापर्यंत हिरवीच राहिली. पावसात गावोगावची मशीनं जोडता येणार नव्हती, त्यामुळे प्रकल्प मात्र पार पावसाळ्यापलीकडे गेला. मग तिनं केटी बंद करून अर्धा दिवस काम, असं घातलं. आकडे क्षणभर हलले आणि स्थिर झाले. प्रकल्प वेळेत. जयवंतची ओळ अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवसापासून करडी. खाली दिनमाननं स्वतःहून लिहिलं होतं, ‘ही योजना सर्वांत योग्य.’

ती बराच वेळ त्या वाक्याकडे बघत होती. यंत्राच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नव्हतं. काम होईपर्यंत माणूस पुरत होता. तिला स्वतःची भीती वाटली ती यामुळे, की हे वाचताना तिच्याही मनात क्षणभर सुटल्यासारखं झालं होतं.

तिनं पुण्याला निनाद सरांना फोन लावला. इथल्या कंपनीचे मालक तेच.

“मृण्मयी, तू डॉक्टर आहेस का?” सगळं ऐकून ते म्हणाले. “ओळ करडी आहे म्हणजे ओळ करडी आहे. त्यातून आजार काढणं आपल्याला कायद्यानं अलाऊडच नाही. उद्या तोच आपल्यावर केस करेल.”

“सर, तो माणूस मरेल.”

“त्याला विश्रांती दे ना. लाँचनंतर दे. तारीख हलणार नाही. संघाच्या आबासाहेबांना कोण तोंड देणार?”

“मी देते.”

“मग दे,” निनाद सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आबासाहेब दूध संघाचे अध्यक्ष. मोठा दरारा. मृण्मयी दुपारी त्यांच्या कार्यालयात जाऊन उभी राहिली तेव्हा ते ताक पीत होते. तिला काही गोल गोल बोलणं जमलं नाही. “आबासाहेब, अक्षय्य तृतीयेला होणार नाही,” एवढंच ती म्हणाली.

“बरं. कधी हुईल?”

“पावसाळा संपल्यावर.”

“मग दसऱ्याला धरूया की.”

तिला वाटलं, आता पुढं काहीतरी येणार. काही आलं नाही. त्यांनी तिच्यासाठीही ताक सांगितलं.

“तुम्हाला चालेल?” तिनं विचारलं. “अक्षय्य तृतीयेचा तुमचा आग्रह होता ना?”

“आमचा?” आबासाहेबांनी ग्लास खाली ठेवला. “म्हशी काय पंचांग बघून दूध देत्यात काय, पोरी? तुमच्या सायबांनीच पयल्या मीटिंगला भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगितलं, अक्षय्य तृतीयेला देतो म्हणून. आम्ही म्हटलं, द्या. जुनं सॉफ्टवेअर चालतंय की अजून.”

बाहेर येऊन ती गाडीत बसली आणि रडली. ज्या तारखेपायी इतकी माणसं झोपेतून दचकून उठत होती, ती कुणीच मागितलेली नव्हती. एका माणसानं सहज उच्चारली आणि पुढं सगळे तिला घाबरत राहिले. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी हेच उत्तर मिळालं असतं, याचा तिला भयंकर राग आला. तो कुणावर काढायचा हे मात्र कळेना.

तिनं जयवंतला गच्चीवर बोलावलं आणि कायदा बाजूला ठेवून सगळं सांगितलं. करडी ओळ, परागची ओळ, सुट्टी घातल्यावर हिरवी झालेली ओळ. तो कठड्याला टेकून ऐकत होता. दम लागलेला लपवायला मधूनमधून खोकत होता.

“म्हणजे पाडव्यापासनं तुला वाटत होतं की मी सोडून चाललोय,” तो म्हणाला.

“हो. पण दादा, ते राहू दे. तुम्ही आजच्या आज डॉक्टरकडं चला.”

“आणि म्हणून ती केटी.”

“हो.”

तो कठड्यावरून सरळ झाला. मग म्हणाला, “मी त्या दोघांना जीव तोडून सांगत होतो. मला वाटलं, मृण्मयीला आपल्या कामाची किंमत कळली. जपून ठेवायला लागली.”

“दादा...”

“एकदा विचारायचं होतंस.”

 त्यानं मनगटावरचा पट्टा उगीच फिरवला आणि जिन्याकडे वळला. “ठेवा सुट्टीवर, मॅडम. तुम्ही साहेब आहात,” तो म्हणाला. हे चिडवणं नव्हतं.

तो महिनाभर घरी राहिला. शालन त्याला दवाखान्यात घेऊन गेली. हृदयाचा आलेख ठीक आला. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला सांगितली, ती जयवंतनं केली नाही. तो झोपला, जेवला, पुन्हा झोपला. पायांची सूज उतरली. महिन्यानंतर तो कामावर आला तेव्हा जिना न थांबता चढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “पित्त होतं. सांगत होतो की.”

दूध संघाचं काम तोवर गौतमी आणि इरफानकडे गेलं होतं, ते त्यांच्याकडेच राहिलं. त्यानंतर तो मृण्मयीशी कामापुरतं बोले, तेही अहो-जाहो करून. लोकांत कुजबुज होती, की बाईंनी जयवंतला ऐन वेळी बाजूला काढलं आणि आबासाहेबांना आपण जाऊन भेटल्या. तिनं ती खोडून काढली नाही. काय सांगणार? तो मरणार होता आणि मेला नाही. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? कधी तिला वाटे, आपण एक माणूस वाचवला. कधी वाटे, एका धडधाकट माणसाच्या हातचं त्याचं सर्वांत लाडकं काम आपण एका यंत्राच्या भरवशावर काढून घेतलं. दोन्ही सारखंच खरं वाटे, आणि कुठलंच पुसलं जात नसे. मीटिंगमध्ये तो जरा गप्प बसला की तिचं लक्ष त्याच्या छातीकडे जाई.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी त्याची ओळ पुन्हा करडी दिसली.

ती काचेच्या केबिनमधून अक्षरशः पळत बाहेर आली. सगळे बघत होते. “दादा, तुम्ही राजीनामा देताय का?”

जयवंतनं मान वर केली. “यंत्रानं सांगितलं?”

“नाही. मी विचारतेय. तुम्ही सांगा.”

“देतोय,” तो म्हणाला. “गावाकडच्या कॉलेजात शिकवायला बोलावलंय. आज सांगणारच होतो.”

मृण्मयीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हसायला लागली. तिला ते आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जयवंत पाहत राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

“मी चाललो म्हटल्यावर एवढा आनंद झाला होय?” तो म्हणाला, आणि संगणकाकडे वळला.

शेवटच्या दिवशी त्यानं मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावरची त्याची ओळ पुसली गेली. करडीही उरली नाही. त्यानंतर मृण्मयीच्या लक्षात आलं, की तिनं सुटकेचा श्वास फार लवकर टाकला होता. राजीनाम्यानं ओळ करडी होते हे खरं. पण दुसऱ्या कशानं होणार असेल, तरी ती तितकीच करडी दिसली असती. एका रंगाखाली दोन कारणं सहज मावतात. आणि आता त्याच्याकडे बघत बसणारं कुणीच नव्हतं.

दसऱ्याला आबासाहेबांनी बटण दाबलं, पेढे वाटले आणि संघाचं काम सुरळीत चालू झालं. जयवंत कार्यक्रमाला आला नाही. तिनं त्याला तीनदा कळवलं होतं. तपासणीचंही शालनला दोनदा सुचवून झालं. ते ऐकत नाहीत, असं शालन म्हणाली.

तेव्हापासून मृण्मयी रोज सकाळी त्याला फोन करते. कॉलेज भरायच्या वेळेला करते. त्याला वाटतं, केटी अर्धवट राहिली.

आजही तिनं केला. बराच वेळ वाजत राहिला. ती उभी राहिली.

“काय राहिलं आता, मॅडम?” शेवटी त्याचा आवाज आला.

“ते थंडीतल्या फॅटचं, दादा. वरच्या गावांना कुठला आकडा धरायचा?”

“सगळं रेकॉर्ड आहे की त्यात.”

“सापडत नाहीये.”

तिनं ते रेकॉर्डिंग इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते शब्दासकट पाठ होतं. जयवंत वैतागला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. तो जिना चढत बोलत होता, आणि चपलांचा आवाज फोनमधून येत होता. थंडीत मशीन गार पडतं, म्हणून पहिल्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा घ्यायचा, आणि मग आवाज तुटला. चपला थांबल्या. पलीकडे नुसता श्वास होता.

मृण्मयीनं फोन कानाशी घट्ट धरला.

“ऐकायलीस न्हवं?” तो म्हणाला.

“ऐकतेय,” ती म्हणाली. “सावकाश सांगा, दादा. मला काही घाई नाही.”